कोळसा संपलेलं जहाज

बडोद्याच्या सयाजीगंजमध्ये माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे एक बाई दरवर्षी स्वतः लिहिलेली एकच मराठी कादंबरी सुधारून प्रिंट-बाइंडिंगला आणायच्या. एक मुलगी वाफेवर उडणारं जहाज बांधून बडोद्यावरून झेपावते, अशी गोष्ट. मशीनमधून निघालेली गरम पानं बाई आधी गालाला लावायच्या.

यंदा पेन ड्राइव्ह उघडला, तर शेवट बदललेला. कोळसा संपून जहाज कोसळत होतं.

"पाडलंत होय?" मी विचारलं.

"मुलीसाठी लिहीत होते. घरात मराठी बोलते, म्हणजे वाचेलच, असं धरून चालले. गेल्या महिन्यात पंधरावं लागलं म्हणून हातात दिली. दोन ओळी अडखळत वाचल्या आणि म्हणाली, 'मम्मी, आ गुजरातीमां नथी?'"

माझी मुलंही गुजरातीच वाचतात. मी प्रिंट सुरू केली.

पानं गरमच निघाली. त्यांनी ती गालाला लावली नाहीत.

"बाइंडिंग नको," म्हणाल्या. "सुटीच द्या."