शिडी कोणी ओढली

सोमाभाऊ गेल्याची बातमी मला ब्रह्मपुरीच्या बाजारात लागली. बातमी आणणाऱ्यानं त्याच दमात दुसरीही सांगून टाकली : आमच्या माजी मालगुजारांनी, म्हणजे गावाच्या जुन्या जमीनदार मालकांनी, त्या दिवशी जेवताना पुन्हा पुन्हा खीर मागून घेतली म्हणे. मी काही पंगतीला नव्हतो. पण आमच्या गावात खोटंसुद्धा उगाच कोणी बोलत नाही... सोमा म्हणजे पोंभुर्ण्याकडच्या रानातला हाकेवाला, माझा जन्माचा सोबती. त्याची हाळी अशी, की झुडपातला वाघ तर उठेच, पण पलीकडच्या गावात सासुरवाडीला ठाण मांडून बसलेले जावईही उठून घरची वाट धरत.

मालकांच्या घरी शिकारीचे पाहुणे आले, की आम्ही डबे-ढोल बडवत जनावर त्यांच्या मचाणाकडे हाकायचं. मजुरी कसली, शिव्या मिळत. अशाच एका हाक्यात मालकांची गोळी वाघाच्या पुठ्ठ्याला चाटून गेली आणि वाघ उलटला. सोमाचा धाकटा भाऊ गोविंदा मचाणापाशी सर्वांत जवळ होता. त्यानं धावत जाऊन शिडीला हात घातला... आणि मालकांनी वरून शिडी ओढून घेतली. हे सोमानं पाहिलं, मी पाहिलं. संध्याकाळी बंगल्यावर मालक पाहुण्यांना म्हणाले, "पिऊन पडला होता. मरणारच." गोविंदानं मोहाची दारू कधी तोंडाला लावली नव्हती. त्याच्या वाट्याची मी पीत असे, तेव्हा मला हे पक्कं ठाऊक! पण मालकांचा शब्द गावभर झाला, आणि गोविंदाची बायको जनाबाई ऐन उमेदीत 'दारुड्याची रांड' ठरली.

आमच्याकडे वाघानं माणूस नेला, त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं दगड टाकायचा आणि मेलेल्याचं नाव घ्यायचं. नाही टाकला, तर मेलेला वाघाच्या पाठीवर बसून रानोमाळ हिंडतो. मालकांनी गोविंदाचे दगड उचलून नाल्यात फेकवले. पाहुण्यांचा मूड जातो, म्हणे.

पुढं मालगुजारी गेली, रान सरकारचं झालं. दुसऱ्याच सकाळी सोमानं बैलगाडीएवढा धोंडा एकट्यानं लोटत गोविंदाच्या जागी आणला (बरं, बैलाएवढा म्हणू). "आता कोन उचलते, पाहू!" म्हणाला. येणारे-जाणारेही पुन्हा दगड टाकू लागले आणि धोंड्याभोवती ढीग झाला. मालगुजारी गेल्यावर गावं कशी आहेत हे लिहायला नागपूरच्या एका पेपराचा बातमीदार हिंडत होता. त्यानं ढिगाचा नि सोमाचा फोटो छापला, आणि मोटारी सुरू झाल्या. इतकी धूळ उडाली, की आमचे मोर पिसारा फुलवण्याआधी झटकू लागले! ज्या रानात पूर्वी बंदुकीशिवाय कोणी पाहुणा येत नव्हता, तिथं बायका-पोरं डबे घेऊन येऊ लागली. काहींना तो ढीग देवच वाटे. ते नारळ फोडत. "देव नाई जी, माहा भाऊ होय," सोमा सांगे. खोबऱ्याचं मी पाहून घेई.

मालकांनीही वारा ओळखला. शिकारीचा बंगला झाडून-पुसून प्रवाशांना उघडला. पण प्रवासी उतरताच विचारणार, "पेपरातला तो ढीग कुठं आहे?" मग मालकांनाच त्यांना घेऊन यावं लागे. पहिल्यांदा आले, तेव्हा रुमालानं मान पुसत सुरू झाले, "इथं एक बिचारा पिऊन..."

"मालक, गोष्ट चुकली," ढिगाजवळ बसलेला सोमा म्हणाला. "पह्यलपासून सांगा."

"सोम्या, माजलास काय?"

"माजलो न जी. शिडी कोनं ओढली, तेवढं सांगा पाहुन्याइले."

"कसली शिडी?" मोटारीतल्या एका बाईंनी विचारलं. मालक म्हणाले, "चला, ऊन फार झालं." कोणी हललं नाही. शेवटी त्यांच्या मिशीतून आवाज आला, "मी ओढली."

"आयकू नाई आलं."

"मी ओढली! प्यायला नव्हता तो!"

बातमीदारानं तेही छापलं. मग काय, दर मोटारीला मालकांच्याच तोंडून ऐकायची लोकांना हौस! मला एकदा कीव आली. "सोमा, आता पुरे कर. म्हातारा झाला तो."

"माहा गोविंदा झाला काय म्हातारा?" एवढंच बोलला. पुन्हा मी तो विषय काढला नाही, आणि खरं सांगू, काढायला नकोच होता.

सोमाला तापानं नेलं. परवा अमरावतीची मोटार आली, तेव्हा मी सागाआड खोबरं खात होतो. सोमा ज्या चपट्या धोंड्यावर बसे, तिकडे मालकांनी चोरून पाहिलं असणार. कारण मोटारीतून अर्धे उतरून तिथंच थबकले. धोंड्यावर जनाबाई बसली होती. इतक्या वर्षांत ती तिथं कधी आली नव्हती, मालकांसमोर तिनं मान वर केली नव्हती. तिनं डोईवरचा पदर नीट केला, शेजारची धूळ सोमा झटके तशीच हातानं झटकली आणि पाहुण्यांना म्हणाली, "बसा जी. मालक सांगतेत."

मालकांनी शिडीपासूनच सुरुवात केली.