'नाही'चा चौकोन नसलेला कागद

शिक्का मारण्याआधी तो त्यावर तोंडाने 'हा' करून गरम वाफ सोडायचा आणि म्हणायचा, "चालते ना बाप्पा!"

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या त्या जपानी कंपनीत आम्ही दोघंच मराठी. तो नागपूरचा, मी सांगलीचा. तिथे निर्णय कुणा एकाचा नसे. प्रस्तावाचा कागद टेबलांवरून फिरे आणि प्रत्येकाने आपल्या चौकोनात आडनावाचा छोटा गोल शिक्का मारायचा. हरकत असली तर ती आधीच साहेबांच्या खोलीत जाऊन हळूच सांगायची. "कागदावर 'नाही'चा चौकोनच नाही," असं तो हसून सांगे.

जपानी कंपन्यांनी आग्नेय आशियातले देश एकमेकांना कसे बांधून टाकले, हा त्याचा आवडता विषय. इंजिन थायलंडमध्ये, गिअर फिलिपिन्समध्ये, स्टिअरिंग मलेशियात. तिथली सरकारं करार करत बसली होती, तेव्हा यांचे सुटे भाग सीमा ओलांडूही लागले होते. डब्यातले पदार्थ मांडून तो हे समजावायचा. मी भेंडी उचलली की ओरडायचा, "अरे, मलेशिया खाल्ला ना यार!"

स्वतः मात्र जागचा हलू शकत नव्हता. ग्रीन कार्डाचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडकलेला. हुद्दा बदलला की पुन्हा रांगेच्या शेवटी, म्हणून गड्याने तीनदा बढती नाकारली. जपानी साहेबांना तो विनय वाटला! मुलगी अकरावीत होती. तिचं शिक्षण इथेच पुरं व्हावं, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा. असं अडकलेलं माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

मग आमच्या विभागाचं काम बँकॉकला न्यायचा प्रस्ताव निघाला. त्या प्रस्तावासाठीची पाहणी माझ्या या मित्रालाच करायला दिली. त्याने ती प्रामाणिकपणे केली, आणि काम कारखान्यांजवळच हवं, असंच उत्तर आलं. इथली नोकरी गेली की अर्जही गेला.

कागद त्याच्या टेबलावर आला तेव्हा मी शेजारीच होतो.

"साहेबांशी बोल ना," मी म्हटलं.

"काय बोलू? माझंच काम चुकलं म्हणू? चुकलं नाही ना." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बोलतो का? तुझ्यापाशी तर कार्ड आहे."

"बघतो," मी म्हटलं. त्याने 'हा' न करताच शिक्का मारला.

कागद दोन दिवस माझ्याकडे होता. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच असायचं. मी नवीन घर घेतलं होतं, आणि डोळ्यांवर यायची भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या शिक्क्याशेजारी माझाही शिक्का मारला. त्याने तो पाहिला, पण काही विचारलं नाही. मला आजही त्या शिक्क्याची लाज वाटते.

कंपनीने त्याला बँकॉकची जागा दिली. त्या सगळ्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. गाडीतून उतरल्यावर त्याची मुलगी मला बिलगली.

"थँक यू, काका. बाबा म्हणाले, यू ट्राइड सो हार्ड. तुम्ही बॉसशी पण बोललात."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डिकीतून बॅगा काढत होता. त्याने मान वर केली नाही.