काकूंचं स्वयंपाकघर

सरांचं ऑफिस कोपरीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. कॉलेज संपवून मी त्यांच्याकडे नोकरीला लागलेले, रोज कल्याणहून जायचे. सर म्हणजे आम्हा आर्किटेक्ट मुलांसाठी फार मोठं नाव. डोंबिवलीला त्यांनी बांधलेली कामगारांची वसाहत बघायला कुठून कुठून विद्यार्थी यायचे. ठेंगणी घरं, शेजारच्या दोघांत मिळून एक ओटा, मधोमध झाडं असलेलं अंगण. पुढे इतरांनी बांधलेल्या कितीतरी वसाहतींत तो ओटा गेला. ती कल्पना कोणाची हे सांगायची गरजच उरली नाही.

ती वसाहत आखण्याआधी सर त्या कामगारांच्या खोल्यांत जाऊन बसायचे. बायकांना विचारायचे, पाणी कुठे भरता, पापड कुठे वाळत घालता, पाहुणा आला की झोपतो कुठे. आम्हालाही त्यांनी तेच शिकवलं. आधी विचारा, मग पेन्सिल उचला.

त्यांचं स्वतःचं घर मात्र दोन खोल्यांचं, अंधारं. मागच्या इमारतीची भिंत खिडकीतून हात काढला तर लागेल इतकी जवळ. सरांच्या पत्नी शाळेत शिकवायच्या; आम्ही त्यांना काकू म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी त्या आम्हाला वर बोलावून थालीपीठ खाऊ घालायच्या. "लोकांना अंगणं वाटतात," म्हणायच्या, "आणि मी भरदुपारी ट्यूबलाइट लावून भाजी निवडते." सरही हसायचे. आम्हीही.

टिटवाळ्याच्या रस्त्याला सरांनी जागा घेऊन ठेवलेली. तिथे बांधायच्या घराचा नकाशा माझ्याकडे असायचा. एखादं काम हातावेगळं झालं की सर तो पुन्हा उघडायला लावायचे. कधी वारा नीट येत नाही म्हणून भिंत सरकवायची, कधी जांभळाचं झाड वाचावं म्हणून अख्खं घर फिरवायचं. प्रत्येक नकाशा आधीच्यापेक्षा चांगला व्हायचा आणि प्रत्येक वेळी सर म्हणायचे, "अजून जमलं नाही." मी त्या एका घरावर जितकं शिकले तितकं कॉलेजात शिकले नाही. वर्षं मात्र चालली होती. काकू निवृत्त झाल्या.

"अहो, बांधून टाका आता. चुकलं तर चुकलं."

"अगं, आपलं घर आयुष्यात एकदाच होतं."

"मग होऊ दे ना ते एकदा!"

नंतर काकूंना हृदयाचा त्रास सुरू झाला. त्या हॉस्पिटलमधून घरी आल्या आणि सरांनी त्याच आठवड्यात कंत्राटदाराला बोलावलं. जोतं भरून झालं तेव्हा थंडी होती. एका सकाळी आम्ही काकूंना गाडीत घालून तिथे नेलं. जोत्यावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून त्यांना बसवलं. सर चालून चालून दाखवत होते, ही बैठकीची खोली, ही आपली खोली, आणि स्वयंपाकघर मागे, पूर्वेला, जांभळाच्या बाजूला. सकाळचं ऊन येईल, अगदी शांत.

काकू माझा हात धरून उठल्या. हळूहळू चालत रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात गेल्या.

"स्वयंपाकघर इथे का नाही?"

"तिकडे रस्ता आहे. धूळ, आवाज," सर म्हणाले.

"मला तेच हवंय. जन्मभर भिंतीकडे बघत पोळ्या लाटल्या. आता येणारं-जाणारं माणूस दिसू दे. संकष्टीला लोक देवळाकडे जातील, कोणी ओळखीचं दिसलं तर हाक मारीन."

सर चालत त्या कोपऱ्यात आले. मग म्हणाले, "तू हे कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

काकू चिडून बोलल्या नव्हत्या. खरंच आठवून बघत असल्यासारख्या बोलल्या. सरांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि तिथेच खाली बसले. खिडकी किती उंचीवर हवी? बसून बाहेर दिसायला हवं की उभं राहून? पिठाचे डबे कुठे? काकू सांगत गेल्या, सर काढत गेले. डब्यांवरून दोघं चक्क भांडली. इतक्या वर्षांचा नकाशा त्या सकाळी उन्हात बसून पुरा झाला. सरांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

जोतं वाढवावं लागलं, कंत्राटदार कुरकुरला. भिंती जेमतेम खिडकीच्या उंचीला आल्या आणि काकू गेल्या. कोपरीच्या घरात, सकाळी चहा घेता घेता.

सरांनी घर पुरं केलं. काकूंनी सांगितलेलं काहीही बदललं नाही. दोन बॅगा घेऊन ते तिथे राहायला गेले. मी रविवारी जायचे तेव्हा ते स्वयंपाकघरात खिडकीशी बसलेले असायचे. एका संकष्टीला मी गेलेले. बाहेर देवळाकडे जाणाऱ्यांची रीघ लागली होती.

"इतकी माणसं जातात गं," सर म्हणाले, "मला कोणाला हाक मारावी तेच कळत नाही. ओळखीपाळखी सगळ्या तिच्या."

पाऊस तोंडावर आला आणि ते बॅगा भरून कोपरीला परत आले. मी खूप समजावलं. म्हणाले, "तिथे ती राहिलीच नाही ना कधी. तिथे मला तिची आठवण येत नाही, नुसती चूक आठवते."

आता त्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. बुरशी धरू नये म्हणून अधूनमधून जाऊन मी खिडक्या उघडते, जांभळाचा पाला झाडून काढते. गावातल्या बायकांना तिथे बालवाडी भरवायची आहे. मागच्या खेपेला त्यांनी पुन्हा विचारलं, तशी मी तिथूनच सरांना फोन लावला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "बघू. अजून थोडा विचार करू."

बायका दारात थांबल्या होत्या. मी त्यांना आत बोलावून घर दाखवलं.