एक थर्मास नायट्रोजन

सरांना उघडं भांडं बघवत नसे. आमच्या ऑफिसात आले की बसायच्या आधी माठावर ताटली सरकवायचे, शिक्क्याच्या शाईची डबी मिटायचे आणि चहा अर्धा पिऊन झाला की उरलेल्यावर बशी पालथी घालायचे. "उडून जातं हो डॉक्टर," म्हणायचे, "सगळं उडून जातं. कळत बी न्हाई." मी डॉक्टर नव्हतो. लातूरच्या कृत्रिम रेतन केंद्रात साधा पशुधन पर्यवेक्षक होतो. पण गाईला हात लावणारा प्रत्येक माणूस आमच्याकडं डॉक्टरच असतो, आणि कॉलेजातला फिजिक्सचा प्राध्यापकही त्याला अपवाद नव्हता. त्यांना पोरं झाकणवाले सर म्हणायची. पोरांचं काय, मीही मागं तेच म्हणायचो.

ही खोड कुठून आली ते त्यांनी एकदाच सांगितलं. घर कंधार तालुक्यातलं, बौद्ध दीक्षा घेतलेलं. बहात्तरच्या दुष्काळात मायलेक दोघं खडी फोडायला जायचे. घरी एक घागर पाणी मिळालेलं, सर झाकायचं विसरले आणि शेळीनं तोंड घातलं. "माय काई बोलली न्हाई," सर म्हणाले. "तशीच कामावर गेली. बोलली असती तर बरं झालं असतं."

अशा माणसाची आणि माझी गाठ पडावी ती नायट्रोजनपायी. वळूच्या वीर्याचे डोस बारीक कांड्यांत भरून आम्ही पातळ नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचो. भयंकर थंड पदार्थ, बोट घातलं तर बोट गेलं. तो सतत उकळत, उडत असतो, आणि गंमत म्हणजे त्याला घट्ट झाकण चालत नाही. कंटेनरचं तोंड सैल ठेवावं लागतं, नाहीतर आतल्या वाफेनं फुटायचा. हे ऐकून सरांचा चेहरा उतरला होता. "म्हंजे उडताना नुसतं बघत बसायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसायचं नाही, रोज पट्टी बुडवून किती राहिलं ते मोजायचं आणि काळजी करायची. पगार त्याचाच मिळतो.

त्यांना नायट्रोजन हवा होता तो एका काळ्या तबकडीसाठी. हैदराबादच्या एका मित्रानं त्यांना ती दिली होती. दिसायला करपलेल्या भाकरीचा तुकडा. पण नायट्रोजनमध्ये थंड केली की ती अतिवाहक व्हायची, म्हणजे वीज तिच्यातून विनाअडथळा वाहायची आणि लोहचुंबक वर धरला तर तो अधांतरी तरंगायचा. तबकडी त्याचं चुंबकत्व आत घेतच नाही, दारातून परत पाठवते, असं सर सांगायचे. मला वाटलं, झाली जादू, संपलं. सरांचं तिथून सुरू व्हायचं.

"डॉक्टर, दूर कुठं दोन तारे एकमेकावर आदळले की गुरुत्वाच्या लहरी निघतात. त्या कशालाच अडत न्हाईत. भिंत, डोंगर, पृथ्वी, तुमी, मी, समद्यातून आरपार. अजून कुणाला सापडल्या बी न्हाईत. पण ही तबकडी जर चुंबकाला परत पाठवून राहिली, तर त्या लहरीला बी माघारी धाडंल का? थोडी तरी? आरशासारखी?" हे बोलताना त्यांचा आवाज घाबऱ्यासारखा व्हायचा. मी एकदा विचारलं, माघारी फिरली तर फायदा काय? सरांनी तबकडी रुमालात गुंडाळली. "फायदा न्हाई हो. कशानं तरी अडती, एवढं कळंल की."

ते दुष्काळाचं साल होतं. जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण ऑफिसं अजून भाड्याच्या खोल्यांत होती. आमची जीप पाण्याच्या टँकरांवर देखरेखीला गेली होती. देवणीकडचा एक वळू, सरदार नाव त्याचं, उन्हाळ्याच्या तोंडावर मेला. त्याच्या वंशाचं जे काही उरलं ते आमच्या कंटेनरमधल्या कांड्यांत. छावणीतल्या गाई हाडांचा सापळा झालेल्या, त्या माजावर येणार कुठून? पाऊस पडेपर्यंत कांड्या टिकवणं भाग होतं. सरदारचा म्हातारा मालक दर बाजारच्या दिवशी यायचा आणि दारातूनच विचारायचा, "हाय का माझा सरदार?" मी पट्टी बुडवून पट्टीवरचं दव त्याला दाखवायचो. त्याला त्यातलं काही कळत नसे, तरी तो मान हलवून जायचा.

त्यातच सरांचं नशीब उघडायची वेळ आली. विद्यापीठातले एक मोठे शास्त्रज्ञ शनिवारी कॉलेजात तबकडी बघायला येणार होते. प्रयोग पटला तर सरांना संशोधनाला घेणार होते. आमच्याकडं नायट्रोजनची तंगी, म्हणून सर स्वतः हैदराबादला जाऊन छोटा कंटेनर भरून एसटीनं घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, धूर निघून राहिला, काय हाय ह्याच्यात?" सर म्हणाले, "थंडी हाय." लातूर येईपर्यंत त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

शुक्रवारी दुपारी ते आनंदानं आमच्याकडं आले. माठावर ताटली सरकवली आणि थबकले. "डॉक्टर, तुमच्या कंटेनरला घाम फुटलाय." मी वळून बघितलं. बाहेरून पांढरं दव धरलेलं, म्हणजे आतली थंडी बाहेर झिरपत होती, कंटेनर बाद. पट्टी बुडवली तर तळाला चार बोटंसुद्धा नायट्रोजन नव्हता. नायट्रोजनची पुढची गाडी कधी येईल हे देवालाच ठाऊक. मी काही बोलायच्या आत सर सायकलवर होते. तासाभरात त्यांचा कंटेनर आमच्या टेबलावर आला आणि सरदारच्या कांड्या त्यात गेल्या.

शनिवारी सकाळी सर थर्मास घेऊन आले. तोंडाला कापसाचा बोळा, अंगात इस्त्रीचा सदरा. "एक थर्मास, डॉक्टर. तेवढ्यात भागंल." मी पट्टी बुडवली. प्रवासात निम्मा उडून गेला होता. नायट्रोजन त्यांचा, कंटेनर त्यांचा, आणि मी म्हणालो, "सर, गाडी कधी येईल ते माहीत नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कंटेनरकडं. "बरोबर हाय," म्हणाले. "झाकण लावा. सैल." आणि रिकामा थर्मास घेऊन पायीच गेले. सायकल आमच्या दारातच राहिली.

विद्यापीठाच्या पाहुण्यांनी ताटलीतली काळी तबकडी बघितली, चहा घेतला आणि गेले. सोमवारी गाडी आली. इतका नायट्रोजन आला की भरताना सांडला, जमिनीवर धूर लोळत राहिला. मी ऑफिसातला थर्मास भरून कॉलेजात धावलो. सर वर्गातून बाहेर आले, थर्मास हातात घेतला आणि परत माझ्या हातात दिला. "असू द्या आता," एवढंच म्हणाले. त्यावरून ते मला कधी काही बोलले नाहीत. त्यांच्या मायसारखंच. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाऊस झाला, सरदारची वासरं झाली, म्हाताऱ्यानं पेढे वाटले. सर पुढं बिलोलीला गेले आणि तिथंच निवृत्त झाले. मीही निवृत्त झालो. मग एका सकाळी पेपरात वाचलं, गुरुत्वीय लहरी सापडल्या. मी पेपर ठेवला आणि जुन्या केंद्रात जाऊन तिथल्या नव्या पोराकडं एक थर्मास नायट्रोजन मागितला. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही, भरून दिला. कापूस लावून, तो मांडीवर धरून मी नांदेडमार्गे बिलोलीला गेलो. वाटेत दहा वेळा थर्मास हलवून बघितला.

सर खाटेवर होते, फार वाळलेले. वहिनींनी कपाटातून तबकडी काढून दिली. ताटलीत ठेवून मी नायट्रोजन ओतला, सरांनी चुंबक वर सोडला. तो तरंगला.

"सर, लहरी सापडल्या."

"वाचलं. तबकडीच्या आरशाचं बी मागं कुणीकुणी लिहिलंय. अजून कुणी दाखवलं न्हाई." ते चुंबकावरची नजर काढत नव्हते.

ताटलीतला धूर पातळ होत चालला. मला राहवेना. मी उठून वहिनींकडं एखादं झाकण मागितलं. सरांनी माझा हात धरला.

"नको डॉक्टर," ते म्हणाले. "उडू द्या. बघू आपण."

चुंबक खाली टेकेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो. त्या पावसाळ्यात सर गेले.