भिंतीकडे पाठ

शरदराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी विश्रांतवाडीच्या गोदामात एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावायच्या लोखंडी प्लेटा मी बांधकामांना भाड्याने देतो. त्याने वाकवून परत आणलेल्या प्लेटा सरळच आहेत, असं तो मला तोंडावर सांगत होता. फोनवर सुनीतावहिनी होत्या. "हे गेले हो, नामदेवराव... चहा घेता घेता," एवढंच बोलल्या. मी फोन खिशात ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, "जा. सरळ आहेत." इतक्या वर्षांच्या धंद्यात असं मी कुणाला म्हटलं नव्हतं. सहकारनगरला त्यांच्या बंगल्यावर जाताना रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. आमचा एक वाद अर्धा राहिला होता, आणि हा माणूस तो तसाच टाकून उठून गेला होता.

ओळख झाली चष्म्यामुळे. शनिवार पेठेत त्यांचं वडिलांपासूनचं चष्म्याचं दुकान. मी यवतमाळकडून येऊन पुण्यात नुकता कुठे उभा राहिलो होतो, चाळिशी लागली होती, आणि सोनेरी काड्यांची एक भारी फ्रेम मी पसंत केली होती. शरदरावांनी ती माझ्या नाकावरून अलगद काढून घेतली. म्हणाले, "हा चष्मा तुमच्याआधी खोलीत शिरतो. मागून तुम्ही आलात तरी कुणाला कळायचं नाही." मग एक साधी काळी फ्रेम लावली आणि आरसा समोर धरला. मी सवयीने भाव करायला लागलो. बोलून बोलून माझा घसा सुकला, आणि ते आपले दुसऱ्या कुणाची तरी काच पुसत होते. "अहो, तुमचं झालं की सांगा," शेवटी म्हणाले, "किंमत तीच आहे." मी संतापून दारापर्यंत गेलो... आणि परत आलो. असल्या माणसाशी एकतर भांडण होतं किंवा मैत्री. आमचं दोन्ही झालं, आणि दोन्ही अहो-जाहो करतच झालं.

पुढे पन्नाशी उलटल्यावर मी हौसेची गाडी घेतली. परदेशी बनावटीची, गडद निळी, दोनच दारांची, बटण दाबलं की कापडी छत घडी होऊन मागच्या भागात जाऊन बसणारी. नव्या घराच्या वास्तुशांतीला ती मांडवासमोर उभी केली, मागचा भाग पाहुण्यांकडे करून, कारण मला ती मागूनच जास्त आवडते. भरीव, रुंद, जमिनीला धरून असलेली. शरदराव आले, गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली, मागे येऊन थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "गाडी उत्तमच आहे, नामदेवराव. फक्त अशी पाठमोरी उभी करू नका. पाहुणे अजून जेवायचे आहेत." मांडवभर हशा झाला. माझे व्याही सगळ्यांत जोरात हसले. मी हसलो नाही. ते वाक्य माझ्या घशात जे अडकलं ते आजही तिथेच आहे.

आणि गंमत अशी की दोन-तीन वर्षांनी याच माणसाने अगदी अशीच गाडी घेतली! "समोरून पाहिल्यापासून डोक्यातून जात नाही," म्हणाले. एक डॉक्टर आपली राखाडी रंगाची वापरलेली गाडी विकत होते. भाव करायला शरदराव मला घेऊन गेले. मी माझ्या पद्धतीने गाडीभोवती फिरलो. छताचं कापड दाबून पाहिलं, तोंड वाकडं केलं, मागे गेलो आणि बोललो, "डॉक्टर, मागून तर हिच्याकडे बघवत नाही हो. घेणार कोण ही?" डॉक्टरांचा चेहरा पडला, पाठोपाठ भावही पडला. रस्त्यावर आल्यावर शरदराव शांतपणे म्हणाले, "ऐकलं मी."

"अहो, तो धंदा होता!"

"असेल. पण शब्द तुमच्या तोंडचे होते."

त्यानंतर जो भेटेल त्याला ते सांगत, "मागच्या बाजूबद्दल नामदेवरावांचंही माझ्यासारखंच मत आहे. भाव करताना माणूस खरं बोलतो." मी चिडून लाल व्हायचो, आणि ते तेवढ्यासाठीच सांगायचे.

रविवारी सकाळी आम्ही दोन्ही गाड्या घेऊन खडकवासल्याच्या बाजूला चहाला जात असू. तिथल्या टपरीच्या भिंतीपाशी माझी गाडी नाक भिंतीला लावून उभी, त्यांची भिंतीकडे पाठ करून. त्यांच्या घरीही तसंच, आवाराच्या भिंतीकडे पाठ. फाटकातून आत शिरताना ते गाडी वळवून, मान पूर्ण मागे फिरवून, इंच इंच मागे घेत. गाडीत मागचं दाखवणारा पडदा होता, पण तो ते बघत नसत. पडद्यात बघून गाडी लावणं म्हणजे फोटो बघून चष्मा विकणं, असं त्यांचं म्हणणं. का एवढा खटाटोप, विचारलं तर म्हणत, "सकाळी खिडकी उघडल्यावर काहीतरी चांगलं दिसावं." चहाचा कप हातात घेऊन ते मला बोटाने दाखवत, "ही रेघ बघा, बॉनेटवरून निघाली, दाराच्या कडेपर्यंत काय सुंदर आली... आणि दारानंतर रेघ काढणाऱ्याला झोप लागली."

"छत घडी करून ठेवायचं कुठे मग? तुमच्या दुकानात?"

"ते त्यांनी बघायचं. मी गिऱ्हाईक आहे."

एकदा मात्र मी चिडून नाही, मनापासून बोललो. पुण्यात आलो तेव्हा कितीतरी महिने मी साइटवर उघड्यावर झोपायचो, त्याच लोखंडी प्लेटांवर, ज्या आज माझ्या आहेत. मी त्यांना म्हटलं, "शरदराव, ही गाडी स्वतःचं छत स्वतःच्या पाठीवर घेऊन फिरते. तुम्हाला तिथे फुगवटा दिसतो. मला नाही दिसत." त्यांनी चहा संपवला, कप ठेवला. मग म्हणाले, "कारण पटलं, नामदेवराव... आकार नाही पटला."

दुसरा कुणी असता तर मैत्रीखातर हो म्हणाला असता. मला तेवढंच हवं होतं, एकदा, साक्षीदार नसले तरी चाललं असतं. पण भाव कमी करणं त्या माणसाला दुकानात जमलं नाही आणि बाहेरही नाही.

शेवटच्या वर्षात त्यांचं मानेचं दुखणं वाढलं. रविवार बंद झाले. फोन करायचो तर म्हणत, "येऊ नका, मीच येतो बरा झालो की. आणि येताना भांडण तयार ठेवा." भांडण मी तयार ठेवलं होतं. मान बरी व्हायच्या आतच हृदयाने दगा दिला.

काही आठवड्यांनी वहिनींनी बोलावलं. गाडी उभीच होती, सुरू करून बघायची होती. ते गेले त्या दिवशीच्या गर्दीत माझं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. आता फाटक उघडलं आणि मी जागीच थांबलो. गाडीचं नाक भिंतीला होतं आणि मागचा भाग सरळ माझ्याकडे, घराच्या खिडकीकडे. माझ्यासारखी लावलेली! माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, म्हणजे शेवटी पटलं त्यांना!"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, कसलं पटलं... मान मागे वळत नव्हती ना यांची. तशीच सरळ आत घालायचे. आणि मग खिडकीत बसून रोज कटकट. मी म्हटलं, नामदेवरावांना बोलवा, ते लावून देतील. तर म्हणाले, त्यांना नको सांगूस. फार खूश होतील."

मला हसू आलं. मग जे आलं ते त्या दिवशी बंगल्यावर, स्मशानात, कुठेच आलं नव्हतं. वहिनी पाणी आणायला आत गेल्या ते बरं झालं.

मी किल्ली घेतली. गाडी सुरू झाली. फाटकाबाहेर काढली, वळवली, गाडीतला तो पडदा बंद केला आणि मान मागे फिरवून इंच इंच आत घेतली. भिंतीकडे पाठ. उतरून वर पाहिलं तर खिडकीत वहिनी उभ्या होत्या. त्यांनी खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला.

आता दर रविवारी मी जातो, गाडी खडकवासल्यापर्यंत फिरवून आणतो आणि तशीच लावून ठेवतो. माझं मत बदललेलं नाही. माझी निळी गाडी माझ्या दारात आजही पाठमोरीच उभी असते. पण त्यांच्या घरी भाव त्यांचा. उगाच कशाला घासाघीस... माझी मान अजून वळते.