पेटीतला भात

आशेबद्दल इतकं संतापून बोलणारा माणूस आमच्या साडभाऊंखेरीज साऱ्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुडव्याला राहतात, गोंदियाच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे, आणि जगाचं भलं होणार आहे या विषयावर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडायचे. शाळेत एकदा तापमानवाढीवर चित्रस्पर्धा झाली. पोरांनी रिवाजाप्रमाणे तोंडात थर्मामीटर धरलेली रडकी पृथ्वी काढली, झाडून साऱ्यांनी तीच. परीक्षक साडभाऊ. त्यांनी गठ्ठा परत केला आणि वर्गात गरजले, "ताप आला हे समजलं मले! औषध कोण काढन? तुमचा बाप?" दुसऱ्या दिवशी एक बाप खरोखरच तक्रार घेऊन आला, तर यांनी त्याच्याही हातात कोरा कागद आणि खडू दिले.

दोन हजार सालानंतर असल्या विषयांची भाषणं गावोगाव होऊ लागली होती. मुर्रीच्या समाजमंदिरात नागपूरचे एक वक्ते पडद्यावर चित्रं दाखवत होते. वितळलेला बर्फ, बुडालेली बेटं, भेगाळलेली जमीन. पुढे बसलेल्या म्हातारीनं घाबरून विचारलं, "मंग आमी जावावं कोठी?" वक्त्यांनी पुढचं चित्र लावलं. झालं! साडभाऊ ताडकन उठले. "काऊन भेव दाखवून राहिले जी तिले? भेलेला माणूस दार लावून बसते. काय करावं ते सांगा, नाही तं तो पडदा गुंडाळा!" मग माइक ओढून घेऊन ते स्वतः आशेवर तासभर असे कडाडले, की म्हातारी बर्फाचं विसरून त्यांनाच घाबरू लागली.

त्यांचं स्वतःचं औषध म्हणजे सूर्यचूल. आतून काळी, वर काच, झाकणाला आरसा, अशी ती पेटी स्कूटरला बांधून ते लग्नाला जात, बारशाला जात, एकदा तर तेरवीलाही घेऊन गेले. आम्हाला जेवायला बोलवायचे तेही तिच्याच भरवशावर, आणि वेळ विचारली तर "ऊन म्हणन तवा." इकडे माझ्या पोटात कावळे ओरडायचे आणि हे गच्चीवर उभे राहून ढगाला शिव्या द्यायचे. भूक लागली म्हटलं की मला कोळशाचा दलाल ठरवायचे! मला मनापासून राग यायचा. पण ताई, म्हणजे माझी ती थोरली मेहुणी, पेटीतलं भांडं वाढायला घ्यायच्या तेव्हा भात हटकून मऊ निघायचा, आणि साडभाऊ माझ्या ताटाकडे बोट दाखवून ओरडायचे, "पाहा! ढग असून शिजला का नाही?"

इतकं असूनही ती पेटी एकाही घरानं घेतली नव्हती. शेवटी चिचगडच्या बायकांच्या बचत गटानं त्यांना बोलावलं. या बायका जंगलातून डोक्यावर लाकडाच्या मोळ्या आणायच्या आणि धुरात डोळे चोळत स्वयंपाक करायच्या. पेटी रुजावी तर इथंच, असं साडभाऊंनी मनाशी धरलं होतं. निघताना ते ताईंना म्हणाले, "इथंबी हसले तं हे पेटी माळ्यावर. मंग तोंड उघडत नाही मी." जीपमधून आम्ही तिघं गेलो. पेटी अंगणात मांडली आणि ऐन दुपारी आभाळ भरून आलं. झाकण उघडलं तर भात कच्चा. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. एक धीट बाई म्हणाली, "गुरुजी, तुमचा सूर्य सुट्टीवर गेला काय जी?"

साडभाऊ वाकून पेटी बांधायची दोरी शोधू लागले. मला फार वाईट वाटलं.

ताई उठल्या. पदरानं भांडं उचलून त्यांनी सरळ शेजारच्या चुलीवर ठेवलं. "दोन लाकडं लावा व. होतेच आता." भात लगेच झाला. ताई म्हणाल्या, "रोज केवढं जळण लागते तुमाले? आज दोन लाकडात झालं. ऊन असन तवा तेबी नाही."

हसणं थांबलं. त्या धीट बाईनं विचारलं, "तुमाले कसं मालूम?"

"माह्या घरी असंच चालते. ढग आले का हे आभाळाकडे पाहून शिव्या देतेत, तवाच भांडं खाली गॅसवर, मंग पुना पेटीत."

परतीच्या वाटेवर साडभाऊंनी जीप डोक्यावर घेतली. "फसवणूक! माह्या घरात! माह्या भाताले गॅस!" वाटेतल्या देवरी गावापर्यंत ताईंनी त्यांना बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मंग काय सांगू, ढगात भात होत नाही म्हणून? भेव दाखवू नका, हे तुमीच म्हणता ना?" पेटी चिचगडच्या बायकांनी ठेवून घेतली होती आणि आम्ही रिकामे परतत होतो, हे साडभाऊंच्या ध्यानात आलं ते थेट कुडव्याला उतरताना. आठवड्याभरात त्यांनी घरी दुसरी पेटी आणली.

ताई जाऊन आता काही वर्षं झाली. कुडव्यात बऱ्याच छतांवर सौर पॅनेल बसलेत आणि साडभाऊ घरोघरी जाऊन, इतका उशीर काऊन केला, म्हणून भांडून येतात. परवा त्यांनी जेवायला बोलावलं, नेमकं ढगाळ. त्यांनी मुकाट्यानं भांडं खाली आणलं, गॅसवर ठेवलं, भात होईस्तोवर तिथंच उभे राहिले, आणि पुन्हा जिना चढून ते पेटीत ठेवून आले. मी भुकेनं कासावीस झालो होतो. "आता हे नाटक कोणासाठी? इथंच वाढा ना!" मी चिडून म्हणालो.

साडभाऊ चिडले नाहीत. "पेटीतूनच वाढायची तुमची ताई," एवढंच म्हणाले.

मग आम्ही दोघं गच्चीवर पेटीजवळ जाऊन बसलो. डोक्यावर ढग तसाच होता. त्याला त्यांनी एकही शिवी दिली नाही.