तीसपैकी अठ्ठावीस

उतारवयात माणसाला कसला ना कसला नाद लागतोच. कोणी झाडं लावतो, कोणी शेजाऱ्यांवर खटले लावतो. तोळामासा साहेबांना मेंदूचा नाद लागला.

तोळामासा हे नाव बाजाराने ठेवलेलं. साहेब वजनमापं खात्यात निरीक्षक होते आणि तोळ्यामाशाचाही फरक सोडत नसत. हिरव्या मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी प्रमाण वजनं एका लाकडी पेटीत घालून ते न सांगता दुकानात शिरत. दुकानदाराचं वजन एका पारड्यात, आपलं दुसऱ्यात, आणि श्वास रोखून नजर काट्यावर. वजन हलकं निघालं की त्यावर फुली, मग जप्ती, दुकानदाराची सही, तारीख, नमस्कार. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: तपासलेल्या आणि संशयित.

त्यांच्या बायकोला मुलं पासबाई म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत पेपर तपासले आणि एकाही मुलाला नापास केलं नाही. दोन गुण कमी पडले की निबंधात ‘भावना चांगली’ म्हणून दोन. तीन कमी पडले की अक्षराचे तीन. अक्षरही कोंबडीचे पाय असेल तर प्रयत्नांचे. मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या की आयुष्य पुढे नापास करणारच आहे, मी कशाला घाई करू.

एकाने आयुष्यभर माप काटेकोर ठेवलं, दुसरीने आयुष्यभर ते पुरं करून दिलं. चाळीस वर्षं संसार सुखाचा झाला, कारण दोघांच्या कचेऱ्या वेगळ्या होत्या.

साहेबांच्या थोरल्या भावाला शेवटची दोन वर्षं एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं. शेवटच्या भेटीत भावाने साहेबांना, मीटर बघायला आलात का, असं विचारलं आणि अदबीने भिंत दाखवली. दुसऱ्या दिवशी घरात अक्रोड आले.

रोज सकाळी चौदा अर्धे अक्रोड, कारण त्यांचा आकार मेंदूसारखा असतो. या न्यायाने कोबीने काय घोडं मारलं, असं बाईंनी विचारलं, तर दुसऱ्या दिवसापासून कोबीही आला. मग डाव्या हाताने दात घासणं. मग लांब व्हरांड्यात उलटं चालणं, ज्यात कोपऱ्यावरची कुंडी दोनदा गेली आणि साहेबांचा घोटा एकदा. मग रोज खुर्ची बदलून बसणं, जेणेकरून मेंदूला सवय लागू नये. मेंदूला लागली नाही, बाईंना मात्र जेवताना कोणत्या बाजूला वाढायचं ते रोज नव्याने शिकावं लागलं. अति तेथे माती हे त्या वर्गात शिकवत आल्या होत्या. घरात ते शिकवायची सोय नव्हती.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग दंतवैद्याकडच्या मासिकात साहेबांना स्मृतिचाचणी सापडली. एकूण गुण तीस. आजची तारीख, वार, महिना, साल, ऋतू. दहा शब्द ऐकायचे आणि पाच मिनिटांनी सांगायचे. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी. साहेबांनी आखीव वही आणली आणि पद्धत घालून दिली. रोज दहा वाजता, जेवणाच्या टेबलावर. नुसता आपला मेंदू तपासून उपयोग नाही, तो कशाशी तरी ताडून बघावा लागतो. म्हणून बाई हे प्रमाण वजन. त्यांनीही रोज चाचणी द्यायची. त्यांची चाचणी साहेब तपासणार, साहेबांची बाई.

इथेच घोटाळा झाला. पेपर तपासायला कोणाकडे दिला, हे साहेबांनी बघायला हवं होतं.

पहिल्या महिन्यात साहेब चोवीस-पंचवीसपर्यंत जात. मग एका सोमवारी बाईंनी नवे दहा शब्द वाचले आणि पाच मिनिटांनी साहेबांना त्यातले तीनच आठवले. घड्याळात त्यांनी बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले होते आणि उरलेली अर्धी तबकडी मोकळी होती. एकूण एकोणीस. साहेब उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून तासभर आत राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. किती, त्यांनी विचारलं.

“अठ्ठावीस,” बाई म्हणाल्या. भावना चांगली होती.

त्या दिवसापासून बाईंनी नवे शब्द काढणं बंद केलं. छत्री, लिंबू, पूल, कात्री, घोडा आणि पुढचे पाच, तेच ते रोज. शब्द पाठ झाले, वजाबाकी पाठ झाली. तारखेसाठी साहेब कोपराशी वर्तमानपत्र ठेवत आणि बाई खिडकीबाहेर बघत. पाठ न होणारं होतं त्याला बाईंचे गुण होते. शिवाय नवऱ्याला बरं वाटावं म्हणून त्या स्वतः अधूनमधून एखादा शब्द विसरू लागल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळेपर्यंत हात दाखवून झालेला असतो.

साहेब बाईंना एकही गुण वाढवून देत नव्हते.

सहा महिन्यांनी साहेबांनी चौकटीच्या कागदावर आलेख काढला. निळी रेघ त्यांची, अठ्ठावीसवर सरळ. लाल रेघ बाईंची, सव्वीसवरून एकवीसवर. साहेबांनी तो टेबलावर पसरला आणि बराच वेळ दुःखी चेहऱ्याने बघत बसले. दुःख खरं होतं. प्रमाणच झिजलंय, ते म्हणाले.

मग जप्ती सुरू झाली. आधी शेगडी पेटवायचा लायटर त्यांच्या खिशात गेला, कारण दूध करपलं होतं. दूध त्यांनीच ठेवलं होतं. मग घराच्या किल्ल्या, कारण एक किल्ली पावाच्या डब्यात सापडली. ती तिथे कोणी ठेवली हे बाईंनी बघितलं होतं. पण एकदा पडती बाजू घ्यायची सवय लागली की उभी बाजू कुठे होती तेच सापडत नाही. प्रत्येक प्रसंग वहीत ‘घटना’ म्हणून नोंदला जाई, खाली तारीख आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे समोरच्या पक्षाची सही. बाई सही करत. घरात शांतता राही.

नंतर गोळ्यांचा डबा गेला.

बाईंना हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी होती, रोज संध्याकाळी अर्धी. जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. आता ती गोळी साहेब देऊ लागले. सात वाजता तळहातावर ठेवत आणि समोर उभे राहत. साडेसातला पुन्हा येत.

“आत्ताच घेतली हो,” बाई म्हणाल्या.

“तुला तसं वाटतंय,” साहेब मायेने म्हणाले. “तोंड उघड. जीभ वर कर बघू.”

बाई गालात गोळी धरायला शिकल्या. रोज ते जमायचंच असं नाही. एका सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं. दंडावर कुठेही न आपटता दोन निळे डाग उठले, तळव्याएवढे. त्या दिवशी त्यांनी मुलीला फोन लावला. फोन अजून जप्त व्हायचा होता.

मुलगी दुसऱ्या शहरात पुलांची तपासणी करणारी इंजिनीयर. आली ती दोन दिवसांची रजा काढून. साहेबांनी चहाबरोबर तिच्यापुढे वही ठेवली. तिने सगळी वाचली. प्रत्येक पानावर आईची सही होती, आणि साहेबांच्या चाचण्यांचे गुण तर आईच्याच अक्षरात. बाप शेजारी बसून लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होता.

बाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. वाढवलेले गुण, तेच ते शब्द, गोळ्या. दंड दाखवला. मुलीने ऐकून घेतलं. दंडावरचे डाग बघून तिचे डोळे भरले.

“कुठे धडपडलीस, ते आठवतंय का?” तिने विचारलं.

“मी धडपडले नाही. ते दोनदा गोळी देतात.”

“बरं, आई,” मुलगी म्हणाली. हे ‘बरं’ बाईंच्या ओळखीचं होतं. रडणाऱ्या मुलाला त्या स्वतः बत्तीस वर्षं असंच ‘बरं’ म्हणत आल्या होत्या.

बाई हट्टाला पेटल्या. त्यांची चाचणी तू घे, आत्ता माझ्यासमोर घे, म्हणाल्या. साहेबांनी लगेच खुर्ची ओढली. मुलीने वहीतलाच पेपर घेतला. छत्री, लिंबू, पूल, कात्री, घोडा, साहेबांनी दहाच्या दहा सांगितले. तारीख सांगताना कोपर वर्तमानपत्रावर होतं. घड्याळात आकडे थोडे दाटले, प्राण्यांत गाय तीनदा आली. मुलीने कडक तपासून सत्तावीस दिले.

“नवे शब्द दे,” बाई म्हणाल्या. आवाज चढला होता.

“आई, पुरे ना.”

“दे गं, तिचं समाधान होऊ दे,” साहेब म्हणाले. “पण आधी तिला दे. आधी प्रमाण तपासायचं, मग माल.”

मुलीने मनाने दहा शब्द रचले. आदल्या संध्याकाळच्या दोन्ही गोळ्या बाईंच्या पोटात होत्या, आणि सगळा जन्म आपण परीक्षेच्या दुसऱ्या बाजूला बसलो हे त्यांना त्या क्षणी फार लख्ख कळत होतं. शब्द सोडून बाकी सगळं लख्ख होतं. पाच शब्द आले. सहावा ओठांवर येऊन गेला. मुलीने पेन्सिल खाली ठेवली. साहेबांची पाळी आलीच नाही.

मुलीने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, अकरा दिवसांनंतरची, आईच्या नावाने. तोवर आईचं सगळं बाबांनी बघावं, असं ठरलं. निघताना तिने बापाला मिठी मारली. “तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही,” ती म्हणाली. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली. दुपारचे तीन वाजले होते.

साहेबांनी आत येऊन दाराला कुलूप घातलं आणि चहाचे कप विसळायला घेतले. बाई टेबलाशी बसल्या होत्या. पाठमोरेच साहेब म्हणाले,

“खोट्या काट्याचा आवाज मला कळतो. इतकी वर्षं दुसरं काय केलं मी? ते अठ्ठावीस तू दिलेस ना, तेव्हाच कळलं मला.”

बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर मला दादासारखं तिकडे नेलं असतं.”

“आणि आता मला नेलं तर?”

साहेबांनी कप पुसला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला.

“तुला भीती वाटत नाही,” ते म्हणाले. “मला वाटते.”

संध्याकाळी ते सातला आले आणि साडेसातलाही. दुसऱ्यांदा बाईंनी तोंड उघडून जीभ वर केली, मग पदराच्या टोकात गोळी थुंकली. पावणेआठला ते तिसऱ्यांदा आले.

सकाळी न्याहारीला बाईंनी विषय काढला. रात्रभर शब्द जुळवून ठेवले होते. काल तुम्ही कप धुताना बोललात ते मुलीला फोन करून सांगा, एवढंच मागणं आहे, मी काही तुम्हाला कुठे जाऊ देणार नाही, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी अक्रोड खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत ना चोरी होती, ना लाज. नुसती काळजी होती. कॉपी केलेला पेपर बाई दुरून ओळखत. हा पेपर कॉपी केलेला होता की खरोखरच कोरा, ते त्यांना सांगता येईना.

“काल मी काही बोललोच नाही गं,” साहेब म्हणाले.

ते उठले, वही आणली, चष्मा लावला. सुबक, टपोऱ्या अक्षरांत सावकाश लिहिलं: नवीन लक्षण. न झालेली संभाषणं आठवतात. डॉक्टरांना दाखवणे. त्याखाली तारीख घातली आणि वही फिरवून पेन बाईंच्या हातात दिलं.

त्या दिवशी वर्तमानपत्र आलेलं नव्हतं. तारखेतला दिवस बरोबर होता. महिना मागच्या हिवाळ्यातला होता, आणि साल चार वर्षांपूर्वीचं.

बाईंचं पेन सवयीने त्या आकड्यांकडे गेलं. एक उभी रेघ, एक छोटी गाठ, एवढ्यात महिना आणि साल सुधारलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. पेन कागदाला टेकलं. साहेब समोर उभे राहून बघत होते.

बाईंनी पेन उचललं. ती तारीख त्यांनी होती तशी राहू दिली, खाली सही केली, आणि सहीपुढे, आजवर कधी घातली नव्हती ती, स्वतःच्या हाताने त्या दिवसाची बरोबर तारीख घातली.

साहेबांनी वही घेतली. दोन्ही तारखा त्यांनी एकाखाली एक बोट ठेवून वाचल्या, एकदा आणि पुन्हा एकदा. मग वही मिटली.

“किती मिळाले?” त्यांनी विचारलं.

“अजून तपासायचंय,” बाई म्हणाल्या. डॉक्टरांच्या भेटीला दहा दिवस उरले होते आणि गोळ्यांचा डबा साहेबांच्या खिशात होता.